मांजरीचं माहेर

मांजर गाभण आहे हे आमच्या घरात मला आधी कळलं आणि सुभेदारांना सगळ्यांत शेवटी पटलं. घरात आम्ही दोघंच, त्यामुळे या दोन टोकांच्या मधे कुणी नव्हतं.

सुभेदार म्हणजे माझे यजमान. सैन्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आमच्या कॉलनीत त्यांना दुसरं नाव नाही. मी शाळेत इतिहास शिकवायची, म्हणून मला 'बाई'. सांगलीहून कुपवाडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची कॉलनी. सकाळी कारखान्यांकडे निघालेल्या दुचाकींचा लोंढा ओसरला की दिवसभर तशी शांत असते.

"जंत झाल्यात तिला," सुभेदार म्हणाले. "कडेगावला आमच्या वासरांची असलीच पोटं दिसायची."

"जंतांनी आचळं गुलाबी होत नाहीत."

त्यांनी चष्मा लावून पाहणी केली. मांजरीने त्यांच्याकडे पाठ फिरवली. त्यांनी निर्णय राखून ठेवला.

मांजर मूळची आमची नव्हे. भिंतीपलीकडे हळदीचे व्यापारी राहतात. कुटुंब जैन, घरात अंडं तर नाहीच, कांदालसूणही नाही. त्यांच्या गोदामात उंदरांसाठी एक मांजर आहे. तिथे पोत्यांमागे नेमकं काय चालतं यावर त्या घरात कुणी बोलत नाही, आणि ती मांजरही शहाणी, घरात येऊन दूधभातच मागते. तिचीच ही मुलगी. एका रविवारी आमच्याकडे मटणाचा रस्सा उकळत असताना ती भिंतीवर येऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत तिने घर बदललं होतं.

त्या घरातल्या बाईंना सगळी कॉलनी अक्का म्हणते. वयाने माझ्याहून थोड्या मोठ्या, आवाजाने बऱ्याच मोठ्या, आणि कुणाच्याही घरातलं कार्य स्वतःचंच मानणाऱ्या. मांजर आमच्याकडे राहायला आली याचा त्यांना राग नव्हता. "दिल्या घरी सुखी हाय न्हवं," एवढंच म्हणाल्या होत्या. तेव्हा मला तो विनोद वाटला होता.

जनावरांच्या डॉक्टरांनी मांजरीचं पोट हलक्या हाताने चाचपलं आणि कपाळाला आठी घातली. "वय कमी आहे, अंगानं बारीक आहे, आणि पिल्लं तीन तरी आहेत. थोडं थोडं पण सारखं खायला द्या. उकडलेलं चिकन, अंडं. नुसत्या दूधभातावर ही निभणार नाही. जागा आत्ताच ठरवा, अंधारी, शांत. तिनं ती एकदा पसंत केली की मग हलवाहलवी नको. पहिलटकरीण आहे. बिथरली तर कुठंतरी आडोशाला विईल आणि पिल्लं टाकून जाईल. आणि बोका."

बोक्याचं मला सांगायला नको होतं. हिच्या आईच्या मागच्या वेतातलं एकही पिल्लू वाचलं नव्हतं. पोत्यांमागे बोका पोचला होता. अक्का फडक्यातलं ते इवलंसं गाठोडं परसात पुरत होत्या तेव्हा मी भिंतीच्या अलीकडे उभी होते. दवाखान्याची पायरी उतरतानाच मी ठरवलं, या खेपेला एकही जाऊ द्यायचं नाही. मोठ्या गोष्टी आपल्या हातात नसतात हे इतिहास शिकवणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. तीन पिल्लं ही मोठी गोष्ट नव्हती.

जागा मांजरीनेच दाखवली. मागच्या खोलीत माझं पुस्तकांचं कपाट आहे, त्याच्या खालच्या कप्प्यात ती पंजाने उकरू लागली. त्या कप्प्यात गौरवग्रंथ होते. मी नोकरीत असताना परिसरातल्या एखाद्या मोठ्या माणसाची साठी किंवा पंच्याहत्तरी झाली की शाळेला एक प्रत येई, आणि बाई वाचतात म्हणून ती माझ्या गळ्यात मारली जाई. गुळगुळीत कागद, सुरुवातीला शुभसंदेशांची रांग, मग फेटा बांधलेली उत्सवमूर्ती. या थोर पुरुषांनी हयातीत कुणासाठी जागा खाली केल्याचं मला आठवत नाही. त्यांच्या ग्रंथांनी मात्र केली. मी ते सगळे माळ्यावर टाकले.

मिक्सरच्या खोक्याला दार कापायचं काम सुभेदारांनी घेतलं. पट्टी आणि पेन्सिल घेऊन ते जमिनीवर बसले.

"किती इंच?"

"मांजर जाईल एवढं."

"आत्ताचं मांजर का नंतरचं?"

प्रश्न बरोबर होता. शेवटी उंबरा असा ठेवला की पिल्लू बाहेर गडगडणार नाही आणि आईचं पोट घासणार नाही. आत माझी जुनी सुती पातळं, धुऊन धुऊन मऊ झालेली. कप्प्यावरून पडदा सोडला. शेजारच्या खिडकीचं एक तावदान तिच्या जाण्यायेण्यासाठी उघडं. मांजरीने खोक्याची आतून बाहेरून तपासणी केली, एक पातळ ओढून बाहेर काढलं, उरलेलं पायांनी मळलं आणि त्यावर झोपली. मला एखाद्या परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं.

दोनतीन दिवसांनी अक्का आल्या, त्या पदर खोचूनच.

"आवं बाई, आसं कसं? पयलं बाळंतपण म्हायेरी असतंय. तुमी शिकल्यासवरलेल्या, तुमाला मी काय सांगू?"

"अक्का, ती मांजर आहे."

"म्हणून काय तिला आईबाप न्हाईत?"

"बाप कोण ते सगळ्या कॉलनीला ठाऊक आहे. कान फाटका आहे त्याचा."

"त्याचं नाव नगा काढू. आई माझ्याकडं हाय का न्हाई? जलम माझ्या घरात झाला. तुमचं घर तिचं सासर. वरची खोली झाडून ठेवलीया. डोहाळजेवण करू, वटी भरू आन् घेऊन जातो."

"आणि तिकडे ती खाणार काय?"

"का? दूध हाय, तूप हाय. शेवयाची खीर करू."

"डॉक्टरांनी अंडं सांगितलंय. चिकन सांगितलंय."

अक्कांनी कानांवर हात ठेवले नाहीत. त्या तसल्या नाटकी नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "त्ये आमच्या घरात येणार न्हाई बाई. तुमी भिताडावर वाटी ठिवा. ती येऊन खाईल. मी तिकडं बघणार न्हाई."

यापुढे वाद घालणं अवघड होतं. त्यात सुभेदार म्हणाले, "अक्का बरोबर बोलत्यात. रीत हाय ती."

रीतीचा हा पुळका कुठून आला ते मला माहीत होतं. आदल्या वर्षी आमच्या मुलीने पहिलं बाळंतपण बेंगळुरूला स्वतःच्या घरी केलं. सुभेदारांनी इथे खोलीला रंग दिला होता, सागवानी पाळणा करून घेतला होता. मुलगी फोनवर म्हणाली, "माझी डॉक्टर इथं आहे, तुम्हीच या." आम्ही गेलो, नातवाला पाहून आलो, सगळं गोडीत झालं. पाळणा माळ्यावर गेला.

मी मुलीच्या बाजूची होते. मला स्वतःला रीतीप्रमाणे साताऱ्याला माहेरी धाडलं होतं, एसटीच्या पुढच्या बाकावर, मांडीवर उशी घेऊन. माहेरच्या मायेत काही खोट नव्हती. पण माझी खाट मधल्या खोलीत, आणि पोर कुणावर गेली आहे याचा निकाल लावायला गल्लीतल्या सगळ्या बायका येत. पाजायला घेतलं की चौघींचे चार सल्ले. दूध येईना, पोर रडून निळी व्हायची. शेवटी एक दिवस आईने सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि दाराला पाठ टेकून बसली. त्या दिवशी पोरीचं पोट भरलं.

म्हणून मी अक्कांशी तह केला. डोहाळजेवण तुमच्याकडे, बाळंतपण माझ्याकडे. थोडा वेळ कार्यक्रम, मग मांजर परत खोक्यात. अक्का "बरं" म्हणाल्या. आमच्या भागात 'बरं' म्हणजे होकार नसतो, ऐकू आल्याची पोच असते. इतकी वर्षं सांगलीत काढून मी ते विसरले.

डोहाळजेवणाच्या दिवशी सकाळी अक्कांच्या फाटकावर फ्लेक्स लागलेला दिसला. आमच्या प्रभागातल्या एका भावी नगरसेवकांना बातमी लागली होती. वर त्यांचा हात जोडलेला फोटो, खाली त्यांच्या सहकाऱ्यांचे लहान लहान फोटो, आणि अगदी कोपऱ्यात मांजर. सगळ्या फ्लेक्सवर हात न जोडलेली ती एकटीच.

अंगणात झेंडूच्या माळा लावलेला झोपाळा, पुढे चौरंग, भोवती हिरव्या साड्यांतल्या पंचवीसतीस बायका. मांजरीच्या गळ्यात हिरव्या खणाची पट्टी. ती चौरंगावर बसली खरी, पण कान मागे गेलेले मला दिसत होते. ओटी भरली. मग दोन झाकलेल्या वाट्या पुढे आल्या. एकीत पेढा, दुसरीत बर्फी. गर्भारशीने एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मांजरीने दोन्ही वाट्या हुंगल्या आणि चौरंगाखाली जाऊन बसली.

"जुळं!" कुणीतरी ओरडलं, आणि टाळ्या पडल्या.

भावी नगरसेवक उभे राहिले. या प्रभागातला एकही जीव आपण वाऱ्यावर सोडणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मांजर प्रभागातली आहे की गोदामातली, यावर ते गेले नाहीत. त्यांचं संपताच कार्यकर्त्याने स्पीकरवर सनई लावली, ती इतक्या मोठ्याने की चौरंगावरच्या वाट्या थरथरल्या.

"बंद करा ते!" मी उठले. पण अक्का माझ्या आधी पोचल्या होत्या. त्यांनी मांजरीला पदरात गुंडाळलं आणि थेट जिना चढल्या. वरच्या खोलीच्या कडीचा आवाज मला खाली ऐकू आला.

"झोपू दे लेकराला," खाली येऊन त्या म्हणाल्या. "आता ती म्हायेरी आली."

"अक्का, आपलं काय ठरलं होतं?"

"सुभेदारसायबांनी शबुद दिलाय मला."

मी सुभेदारांकडे पाहिलं. ते फ्लेक्स वाचत होते.

"कसला शब्द?"

"तसं न्हवं... म्हणलं, ऱ्हाऊ दे चार दिस. त्यांची बी हौस हाय."

"ती तुमची पोर नाही," मी म्हणाले. सनई नेमकी तेव्हाच बंद झाली, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. आता थांबण्यात अर्थ नव्हता. "आणि आपल्या पोरीनं जिथं जीव निवांत वाटला तिथं बाळंतपण केलं. तिचं बरोबर होतं. हिचंही बरोबर आहे. हिनं जागा निवडलीय. अक्का, कडी काढा."

अक्का पुढे आणि मी मागे असा जिना चढलो. खोलीत गादी होती, चांदीच्या वाटीत दूध होतं, समई तेवत होती. मांजर नव्हती. खिडकीच्या जाळीचा एक कोपरा उचकटलेला, खिळ्याला हिरव्या खणाची पट्टी लटकलेली. खाली गोदामाचा पत्रा. पत्र्याच्या टोकाला बोका बसला होता, जणू आमंत्रणपत्रिका मिळाल्यासारखा.

अक्का मटकन खाली बसल्या. "माझ्या हातनं झालं," म्हणाल्या.

"बसू नका. शोधू."

पण शोधायला आधीच सगळी कॉलनी निघाली होती. हिरव्या साड्या गल्लीभर पसरल्या. कुणी "मनूऽ मनूऽ" करतंय, कुणी वाटी वाजवतंय, कुणी मोबाइल पुढे धरून गाडीखाली वाकतंय. या गलक्यात मांजर सोडा, मीसुद्धा कुठे विसावले नसते. मी धावत घरी आले, पडदा वर केला. खोकं रिकामं.

मग खिडकीकडे नजर गेली. तावदान बंद होतं, वर बोल्ट. आम्ही दोघंही घराबाहेर, मागे बोका शिरायला नको, म्हणून निघताना सुभेदारांनी घरातली सगळी दारं, सगळ्या खिडक्या झाडून बंद केल्या होत्या. लष्करी शिस्त, एकही फट राहिली नव्हती. बाहेरच्या कठड्यावर पिवळीधमक पावलं उमटली होती. गोदामाच्या पत्र्यावर बसलेली हळद तुडवत ती इथवर आली होती. काचेपाशी पावलांची गर्दी होती. ती तिथे बराच वेळ फिरली असावी. मग उलटी, परत जाणारी पावलं.

मी बोल्ट काढला, तावदान सताड उघडलं आणि फाटकावर जाऊन उभी राहिले. चाळीस पोरांच्या वर्गासाठी कमावलेला आवाज निवृत्तीनंतर वापरायची वेळ आली नव्हती. तो शाबूत होता.

"सगळ्यांनी घरी जायचं. आत्ता. हाका बंद. फोन खिशात."

भावी नगरसेवक पुढे आले. "बाई, काळजी नको. शोधायला अजून माणसं लावतो."

"माणसं काढा. तेवढं जमलं तर माझं मत तुम्हाला."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा गर्दीकडे, आणि गल्ली बघता बघता रिकामी केली. माणसात गुण होता.

सुभेदार हातात काठी घेऊन खिडकीपासून थोड्या अंतरावर, बोक्याकडे तोंड करून उभे राहिले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. अक्का भिंतीपलीकडे बसल्या. त्यांचा फक्त अंबाडा दिसत होता. मी खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात फरशीवर बसले. वाचायला पुस्तक घेतलं. एक ओळ वाचली असेल, पण तीच पुन्हापुन्हा.

ती आली तेव्हा आवाज झालाच नाही. कठड्यावर आधी कान दिसले. तिने सुभेदारांच्या पाठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकात मान घातली. पडदा हलला, आणि आतून पातळं मळल्याचा खरखर आवाज येऊ लागला.

दुपारच्या उन्हाची तिरीप कपाटापर्यंत पोचली तेव्हा पहिलं पिल्लू झालं. तिने पिशवी फाडली, नाळ तोडली, चाटून चाटून कोरडं केलं. हे तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. मग दुसरं.

"पोझिशन?" खिडकीबाहेरून दबका आवाज आला.

"दोन. दोन्ही ठीक."

तिसरं यायला वेळ लागला. तोवर मांजर थकून गेली होती. ते बाहेर आलं आणि ती पहिल्या दोघांना चाटत राहिली. तिसरं पिशवीतच पडून होतं, ओलं, माझ्या अंगठ्याएवढं. मी थोडी थांबले, तिच्या कामात ढवळाढवळ नको म्हणून. मग थांबणं बरोबर वाटेना. डॉक्टरांना फोन लावून जमिनीवर ठेवला.

"पिशवी फाडा. तोंडाकडून. आता खरखरीत फडकं घ्या, डोकं खाली धरून चोळा. जोरात, बाई. मोडत नाही ते."

मी पंच्याने चोळू लागले. पिल्लू चिंधीसारखं हलत होतं, माझ्या हाताने हलत होतं, स्वतःहून नव्हे.

"तिसरं?" सुभेदारांनी विचारलं.

"हालत नाही."

बाहेर काठी भिंतीला टेकल्याचा आवाज झाला. पलीकडे अक्का हळू आवाजात णमोकार मंत्र म्हणू लागल्या. डॉक्टर म्हणाले, "चोळत राहा." मी चोळत राहिले. हात भरून आले, तरी चोळत राहिले. मला त्या गाठोड्यात आणखी एक घालायचं नव्हतं. माझ्या डोक्यात एवढंच होतं. प्रार्थना वगैरे काही नाही.

ते शिंकलं. मग एक बारीक, रागीट आवाज काढला, दाराची बिजागरी करकरावी तसा. मांजरीने मान वळवली आणि जणू आत्ताच ते दिसल्यासारखी त्याला चाटायला घेतलं.

"तीन," मी खिडकीकडे पाहून म्हटलं. सुभेदारांनी वळून पाहिलं नाही. बोक्यावरची नजर त्यांनी हलवली नाही, पण काठी दुसऱ्या हातात घेतली आणि रुमाल काढला.

सगळं सुटलं असं नव्हतं. तिसरं जन्मलं, पण त्याला प्यायला जमेना. मोठी दोघं त्याला ढकलून बाजूला करत, आणि ते पातळाच्या घडीत तोंड खुपसून तिथेच चोखत राही. डॉक्टर म्हणाले, दर वेळी धरून आचळाला लावा, अंगात ताकद आली तर जगेल. मी धरत असे. दोन बोटांनी मान, तिसऱ्या बोटाने मोठ्याला आडकाठी. मांजरीला एव्हाना माझा हात घरातल्या सामानापैकीच वाटू लागला होता.

भेटायला येणाऱ्यांना मी फाटकातूनच परत पाठवत होते. पाचवीची पूजा करायला निघालेल्या तिघींना परत पाठवलं. भावी नगरसेवकांचा माणूस पिल्लांसोबत साहेबांचा फोटो काढायला आला, त्यालाही. अक्का स्वतः आल्याच नाहीत. रोज सकाळी भिंतीपाशी येत आणि विचारत, "प्यालं का तिसरं?"

"पाजलं."

"पाजलं न्हाई वो. सोताहून प्यालं का?"

"नाही अजून."

"बरं," म्हणून जात. या वेळचं 'बरं' खरोखरीचं होतं. बाळंतिणीसाठी त्यांनी डिंकाचे लाडू दिले होते. मांजरीने वास घेऊन सोडले. सुभेदारांनी आणि मी खाल्ले. उकडलेल्या चिकनची वाटी मी अक्का आत गेल्या की बाहेर काढी, आणि त्याही वाटी निघायच्या आत परतण्याचं पाहत.

मग एका सकाळी मी नेहमीसारखा हात आत घातला. मोठं पिल्लू मधे आडवं पसरलं होतं. तिसऱ्याने त्याच्या पोटावर एक पाय दिला, मग दुसरा, आणि वरून चढून पलीकडे पडलं. तिथे डोकं इकडेतिकडे आपटत ते शोधू लागलं. पातळ तोंडात आलं, ते त्याने सोडलं. पुन्हा शोधू लागलं. मोठ्याने त्याला लाथ मारली. त्याने उलट मारली. माझी बोटं त्याच्या मानेजवळ तयार होती, पण मी ती तशीच ठेवली. आचळ सापडलं. त्याचे पुढचे पंजे आईच्या पोटावर उघडमीट करू लागले आणि गळ्याखालची कातडी हलू लागली.

मी हात बाहेर काढला आणि भिंतीकडे गेले. अक्का अजून आल्या नव्हत्या. मी त्यांना हाक मारली.